भिंतीपलीकडची फायनल

आमच्या वॉर्डात नवीन पेशंट आला की पहिल्या दिवशी तो कोणाशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्याला हळूच विचारतो, "तुम्हाला कसं कळलं?" मलाही चार-पाच जणांनी विचारलं आणि प्रत्येकाला मी थोडं थोडं खोटं सांगितलं. खरं सांगायची लाज वाटत होती. खरं असं, की डॉक्टरांनी गाठ तपासून घ्या म्हटल्यावरही मी तीन आठवडे घरी बसलो. कारण आमच्या गावाची फुटबॉलची मॅच होती.

वाचून हसलात तरी राग नाही. पण तुमच्या अंगावर कुठं गाठ असेल तर हसून झाल्यावर दवाखान्यात जा, तेवढ्यासाठी लिहितो आहे. उपचार अजून संपलेले नाहीत, दोन किमो बाकी आहेत. संपल्यावर लिहू म्हटलं तर माझा स्वभाव मला माहीत आहे, एकदा बरा झालो की मी लिहीत बसणारा माणूस नाही.

गाव आणि फुटबॉल

माझं नाव दत्ता, वय सत्तेचाळीस. तलवाडा ते गेवराई काळीपिवळी जीप चालवतो. आमचं गाव तलवाड्याच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत. आमच्या भागात पोरं क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात. फुटबॉल म्हणजे टीव्हीवर दिसणारी गोष्ट. पण मी आठवीत असताना कोल्हापूरकडचे एक खेळाचे सर आमच्या शाळेवर आले, येताना बरोबर एक चामड्याचा बॉल घेऊन आले, आणि गावाला नाद लावून चार वर्षांनी बदली होऊन गेले. सर गेले, नाद राहिला.

मी स्वतः कधी संघात नव्हतो. बॉल पायाशी आला की माझे दोन्ही पाय एकमेकांना विचारत बसायचे. पण मॅच बघायची म्हटलं की मी सगळ्यांच्या पुढं. पुढं जीप घेतली आणि संघाला गेवराईला नेण्या-आणण्याचं काम आपोआप माझ्याकडं आलं. ड्रायव्हर मीच, पाणी देणारा मीच, आणि ओरडून घसा बसवून घेणाराही मीच.

आमचा संघ वर्षभर नसतो. निम्मी पोरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, उरलेल्यांतली बरीच मेंढरांमागं बाहेर असतात. गुढीपाडव्यानंतर सगळे गावात जमतात, गायरानात बांबूचे गोल उभे राहतात, मेंढरांनी खाऊन खाऊन गवत अगदी बारीक केलेलं असतं. मग गेवराईचा कप सुरू होतो. तो पोळा होईपर्यंत चालतो. जिल्ह्यातले सोळा संघ येतात. आम्ही बहुतेक वेळा पहिली मॅच जिंकतो आणि दुसरी हरतो. एकोणतीस वर्षांत दुसऱ्या मॅचच्या पुढं आम्ही गेलो नव्हतो.

असा संघ ज्याच्या नशिबी येतो तो माणूस पायगुण मानायला लागतो. मी जरा जास्तच मानायचो. जीपमध्ये कोण कुठं बसायचं हे ठरलेलं. गेवराई येईपर्यंत 'जिंकणार' हा शब्द काढायचा नाही. माझा पिवळा शर्ट पहिल्या मॅचला अंगात घातला की संघ हरेपर्यंत धुवायचा नाही. आणि मुख्य म्हणजे मी हजर पाहिजे. एकदा मेहुणीच्या लग्नाला गेलो तर संघ पहिल्याच मॅचला गारद झाला. त्या दिवसापासून मी एकही मॅच चुकवली नव्हती.

एक गोष्ट कबूल करतो, कारण पुढं ती माझ्यावरच उलटली. म्हादू माझा बालमित्र, जुना गोलकीपर आणि आता संघाचा सगळा कारभारी. त्याचा मेव्हणा दोन वर्षं आमच्याबरोबर मॅचला आला आणि दोन्ही वर्षं आम्ही हरलो. तिसऱ्या वर्षी मी त्याला गेवराईच्या अलीकडं फाट्यावर जीपमधून उतरवलं. "पाव्हणं, राग मानू नका, पण तुमचा पायगुण बरा न्हाई. तुमी हितंच चहा घ्या, येताना घेऊन जाताव." तो बिचारा हसला आणि उतरला. येताना त्याला घेतलं. तेव्हाही आम्ही हरलेलोच होतो.

तीन आठवडे

मानेला डाव्या बाजूला गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून मी तिला किंमत दिली नाही. ताप येऊन जाऊन असायचा, शर्ट ढिले व्हायला लागले होते. सुमन, म्हणजे माझी बायको, रोज मागं लागायची. शेवटी गेवराईच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बराच वेळ मान चाचपली आणि म्हणाले, "दत्ताभाऊ, ही गाठ मला आवडली नाही. संभाजीनगरला जा. तुकडा काढून तपासतील. याच आठवड्यात जा." आणि चिठ्ठी लिहून दिली.

पहिली मॅच तीन आठवड्यांवर होती. मी मनाशी हिशोब केला. आता गेलो आणि त्यांनी ठेवून घेतलं तर मॅच गेली. मी नसलो तर संघ हरणार. तीन आठवड्यांनी गाठ काय पळून जाते का?

घरी सुमनला सांगितलं, "सूज हाय, गोळ्या दिल्यात."

ती मॅच आम्ही दोन-शून्यनं जिंकलो. मी एवढा ओरडलो की गाठ ताणून मान वाकडी झाली. दुसऱ्या दिवशी सोमवारी संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात गेलो, तुकडा दिला, आणि आठवड्यानं रिपोर्ट घ्यायला सुमनला घेऊन गेलो.

डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. त्यांनी आधी आम्हाला बसायला सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं. सरकारी दवाखान्यात बसा कोण म्हणतं? मग त्या सावकाश म्हणाल्या, हा लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर आहे, यावर चांगले उपचार आहेत, आपण लगेच सुरू करू.

सुमन म्हणाली, "कुणाला?"

डॉक्टर बाईंनी परत सांगितलं. मग त्यांनी गेवराईची चिठ्ठी उलटून पाहिली. "हे महिन्यापूर्वीचं आहे. मधे का थांबलात?"

मी म्हणालो, "मॅच होती."

"क्रिकेट?"

"फुटबॉल."

त्यांनी चिठ्ठी फाईलला लावली. सुमन उठली. रिपोर्टची पिशवी छातीशी धरून ती माझ्या पुढं पुढं चालत होती, ती बसस्टँडपर्यंत तशीच. एसटीत बसल्यावर खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "मला सूज मनलात." मला रडू आलं ते कॅन्सरचं नाही, या वाक्याचं. बावीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी एवढं मोठं खोटं कधी बोललो नव्हतो.

तीन आठवड्यांनी काही बिघडलं का, हे मी नंतर डॉक्टर बाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "आता ते उगाळून काय करणार?" हे उत्तर मला अजून पुरलेलं नाही.

खाट

दवाखान्याची भीती लांबून जास्त असते. आत गेलं की दिवस कामात जातो. सकाळी वजन, मग रक्त, मग राउंड, मग सलाईन. सिस्टर नस शोधतात, तुम्ही छताकडं बघता. पहिल्या किमोला मी मनात आमच्या संघातल्या पोरांची नावं जर्सीच्या नंबरानं म्हणत होतो. अकरा झाली की परत पहिल्यापासून. तोंडाला लोखंडाची चव यायची. चहा नकोसा झाला, आणि ड्रायव्हर माणसाला चहा नकोसा होणं म्हणजे अर्धं आयुष्य गेल्यासारखंच. नवीन लोकांना सांगतो, लिंबाचं लोणचं थोडं जिभेला लावा. माझ्या शेजारच्यांनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगतो.

ते शेजारचे म्हणजे केजचे काका. तहसील कचेरीत शिपाई होते, रिटायर होऊन दोन वर्षं झालेली. मला चार दिवस आधीचे म्हणून या विषयातले जाणकार. केस कधी जातात, कोणत्या सिस्टरचा हात हलका आहे, कोणत्या नळाला गरम पाणी येतं, सगळं त्यांना ठाऊक. फुटबॉल मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

मला भीती दुपारी वाटायची. जेवणं झाली, नातेवाईक खाली गेले, पंखा फिरतोय, आणि सगळे डोळे मिटून पडलेत. तेव्हा वाटायचं, पोरीचं लग्न, जीपचं काय, सुमनचं काय, आणि या सगळ्याच्या मागून हळूच एक गोष्ट डोकं वर काढायची: कप. मला स्वतःचीच शरम वाटायची. मरणाच्या दारात उभा राहून माणूस देवाचं नाव घेतो, आणि मी गायरानातली संध्याकाळ आठवत होतो. पोरांच्या पायांनी उडणारी धूळ, म्हादूच्या शिव्या, बांबूच्या गोलाला लागून परत येणारा बॉल. जीव एवढा ओढायचा की मी उशी तोंडावर घ्यायचो.

दुसरी मॅच नेमकी पहिल्या किमोच्या वेळी आली. म्हादूला बजावून सांगितलं होतं, फोन लावून ठेव. त्यानं लावला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मला ऐकू काय येणार? कापडाची घासघास आणि म्हादूच्या शिव्या. मी आणि केजचे काका एकाच फोनला कान लावून बसलो होतो.

"कोण जिंकायलंय?" काका विचारायचे.

"कळंना."

"मंग तुमी रडायलाव कावून?"

हाफ टाइमला फोन कटला तो कटलाच. रेंज गेली म्हणा, बॅटरी गेली म्हणा. तासाभरानं म्हादूचा परत फोन आला आणि पलीकडून हलगीच वाजत होती. आमच्या गावाची हलगी मी कुठंही ओळखीन. आम्ही एक-शून्यनं मागं होतो, आणि हाफ टाइमनंतर दोन गोल केले. एकोणतीस वर्षांनी दुसरी मॅच जिंकलो. मी हाताला सलाईन असताना उभा राहिलो. सिस्टर धावत आल्या, रागावल्या, आणि स्टँड सरळ करता करता म्हणाल्या, "किती झाला स्कोअर?"

मी खूप आनंदात होतो. साधारण दहा मिनिटं. मग एक थंड विचार मनात शिरला. मी तिथं नव्हतो. आणि फोनवर ऐकत होतो तोपर्यंत आम्ही मागं होतो. फोन कटला आणि गोल झाले.

सेमी

सेमीची मॅच दुसऱ्या किमोच्या वेळी. या वेळी केस गेले होते, तोंडात फोड होते, वजन अकरा किलो उतरलं होतं. म्हादूनं सकाळी फोन करून सांगितलं, आज नवीन फोन आणलाय, चार्जिंग फुल्ल हाय, तुला समदं ऐकवतो.

मी मॅचच्या आधी अर्धा तास फोन बंद करून उशीखाली ठेवला.

केजचे काका बघत होते. "अवो, लावा की फोन."

"नगं काका. मी ऐकलं की हरतेत."

काका उठून बसले. त्यांना उठून बसायला बराच वेळ लागायचा. "मी तीस वर्षं तहसीलीत काढली," ते म्हणाले. "लई येडे माणसं बघितले. कागद हातात घेताना डावा पाय पुढं टाकणारे बघितले. पर हितं फोन बंद केला मनून तिकडं गोल व्हतो, असला येडा न्हाई बघितला."

मी भिंतीकडं तोंड करून पडलो. ज्या संघासाठी मी तीस पावसाळे चिखलात उभा राहिलो, त्याची पहिली सेमी, आणि मी रंग गेलेली भिंत बघत होतो. बरोबर किती वाजता सुरू झाली असेल, आता हाफ टाइम असेल, आता सोपाननं कॉर्नर घेतला असेल. सोपान आमचा कॅप्टन. तो पाच वर्षांचा असल्यापासून मी त्याला खेळताना बघतोय. सुमन खाली औषधं आणायला गेली होती. ती वर आली ती पदराला तोंड पुसत, आणि कानाला फोन लावलेला होता, पलीकडं म्हादू. "एक-शून्य," ती म्हणाली. "फायनलला गेले."

सुमनला फुटबॉलचा राग होता. त्या रिपोर्टच्या दिवसापासून तर तिनं माझ्यासमोर बॉल हा शब्द काढला नव्हता. पण ती त्या दिवशी खाली जाऊन ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे घेऊन आली आणि अख्ख्या वॉर्डाला वाटले. मला तिनं एक बिस्कीट चहात बुडवून भरवलं. त्या दिवशी पहिल्यांदा चहा बरा लागला.

पण आता माझ्या मनात शंकेला जागा उरली नव्हती. तीस वर्षं मी समजत होतो की मी असलो की संघ जिंकतो. उलटंच होतं. मीच ती साडेसाती होतो.

चहा

तिसऱ्या किमोनंतर घरी आलो. फायनल पोळ्यानंतरच्या रविवारी होती, आणि दैवयोगानं माझा घरी राहायचा आठवडा तोच. अंगात थोडी ताकद आली होती. डॉक्टर बाईंना विचारलं होतं, मॅचला जाऊ का? त्या म्हणाल्या, मास्क लावा, गर्दीपासून जरा लांब बसा, ताप आला तर लगेच इकडं या. म्हणजे तिकडून परवानगी होती.

शुक्रवारी म्हादू आणि संघाची दोन जुनी माणसं घरी आली. पावसाचं बोलणं झालं, बैलांचं झालं, माझं वजन किती उतरलं ते झालं. चहा आला. म्हादू बशीत चहा ओतून तसाच धरून बसला.

"डाक्टरनं गर्दीत जाऊ नगा मनून सांगितलं आसंल," तो म्हणाला.

"न्हाई. जा मनले. लांब बसा मनले."

"तरी बी. धूळ राहती. इन्फेक्शन का काय ते."

म्हादू खोटं बोलायला लागला की डावा कान खाजवतो, हे मला चौथीपासून माहीत आहे. तो कान खाजवत होता.

"म्हादू, नीट बोल बे."

तो बशीकडं बघत म्हणाला, "दोन मॅचा तू नव्हतास, दत्त्या. पोरं बोलायलेत. मी न्हाई मनत. पोरं मनतेत."

मला म्हादूचा मेव्हणा आठवला, फाट्यावर उतरताना हसलेला. तो कसा हसला असेल ते मला त्या क्षणी नेमकं कळलं, कारण माझ्या तोंडावरही तसंच हसू आलं होतं.

सुमन दारात उभी होती. तिनं हातातला तांब्या खाली आपटला. "तीस वर्षं ह्यांनी तुमच्या पोरांचे घामाचे कपडे जीपमधी वागवले. पोरांचे पाय मोडले तर ह्यांनी दवाखान्यात नेले. मॅचसाठी सवताची गाठ तीन आठवडे गळ्यात बांधून बसले. आन आता ह्यांचाच पाय वंगाळ झाला व्हय? माणूस मरू द्या, कप तेवढा आणा!"

"वैनी, तसं न्हाई..."

"तसंच हाय!"

मी म्हणालो, "सुमन, राहू दे." मग म्हादूला म्हणालो, "मी येत न्हाई. जिंकून या."

ते गेले. बशीतला चहा तसाच राहिला. मी अंगणात जाऊन जीपमध्ये बसलो आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून खूप वेळ रडलो. मला राग म्हादूचा नव्हता. तो जे बोलला ते मी आधीच स्वतःला सांगितलं होतं. पण माणसाला वाटतं, आपण स्वतःबद्दल वाईट बोललो की दुसऱ्यानं निदान नाही म्हणावं.

रविवार

रविवारी सकाळी अख्खं गाव दोन टेम्पोंत भरून गेलं. हलगी माझ्या दारावरून वाजत गेली. गल्ली रिकामी झाली, कुत्रीसुद्धा दिसेनात.

अकरा वाजता मी सुमनला म्हणालो, "मैदानाच्या मागं भिंत हाय. भिंतीच्या भाईर पायगुण लागत नसतो."

"हे कोणत्या पुस्तकात हाय?"

"मीच ठरवलंय."

ती आत गेली आणि पिवळा शर्ट घेऊन आली. घडी घातलेला, साबणाचा वास येणारा. मी ओरडलोच, "धुतलास?"

"पहिल्या किमोलाच धुतला. दोन मॅचा जिंकले ना? घाला गपचूप."

दोन महिन्यांनी जीप चालवली. शर्ट अंगात लोंबत होता, मास्कमध्ये श्वास गरम व्हायचा, क्लच दाबताना मांडी थरथरायची. पण गेवराईपर्यंत मी पेशंट नव्हतो. वाटेत दोघांनी हात केला, गाडी रिकामी आहे का म्हणून. खूप बरं वाटलं.

मैदानाच्या मागं दोन पुरुष उंच भिंत आहे, आणि तिच्यापलीकडं कच्चा रस्ता. तिथं जीप लावली. भिंतीमुळं काहीच दिसत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं. आमच्याकडं हलगी, त्यांच्याकडं ताशा. आपला गोल झाला की आपलं वाद्य वाजतं, ही तिथली रीतच आहे. मॅच कानानं बघायची होती. कधीमधी कोणी उंच मारला की बॉल भिंतीच्या वर यायचा, निळ्या आभाळात क्षणभर दिसायचा आणि परत खाली जायचा. मी खिडकीतून मान काढून त्याची वाट बघत होतो. तीस वर्षांत फायनल अशी बघेन असं कधी वाटलं नव्हतं.

हलगी आधी वाजली. मी सुमनचा हात एवढा दाबला की तिची बांगडी वाढली. हाफ टाइमनंतर ताशा वाजला. मग बराच वेळ दोन्हीकडं नुसता कालवा. शेवटी लांब शिट्टी, एक-एक, आणि भोंग्यावरून कोणीतरी सांगितलं, पेनल्टी.

पहिली हलगी. मग ताशा. हलगी. ताशा. मग काहीच वाजलं नाही, आणि ताशा. मी डोळे मिटले. हलगी. मग परत काही नाही, म्हणजे त्यांचीही एक हुकली होती. तीन-तीन. एकेक उरली होती. आमची पाचवी सोपान मारतो.

शांतता झाली. बुटाचा आवाज मला ऐकू आला असं वाटतं, पण तो भास असेल. बॉल भिंतीच्या वर आला, आणि खाली गेला नाही. तो भिंत ओलांडून आला, रस्त्यावर पडला, दोन उड्या मारून जीपच्या पुढच्या चाकाशी थांबला.

मी उतरून तो उचलला. अजून गरम होता. आतून कोणीतरी ओरडत होतं, "बॉल टाका, बॉल!"

सुमन म्हणाली, "देऊ नगा."

देणं भाग होतं. मी टाकला, तो भिंतीच्या निम्म्यावर लागून परत आला. हातात तेवढी ताकद नव्हती. मग सुमननं पदर खोचला आणि टाकला. पलीकडं गेला. थोड्या वेळानं ताशा वाजला आणि वाजतच राहिला.

इथं मला जे वाटलं ते लिहायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. लिहितो. पहिल्यांदा मला बरं वाटलं. हरलो हे दुःख पोटात उतरायच्या आधी, अर्धा क्षण, छातीवरचा दगड उतरला. मी आत नव्हतो आणि तरी हरले. म्हणजे साडेसाती मी नव्हतो. तीस वर्षांचं हरणं माझ्यामुळं नव्हतं, आणि ही गाठ सुद्धा कशामुळं नव्हती, नुसती आली होती. मग सोपानचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मी रस्त्याच्या कडेला बसून हमसून हमसून रडलो.

गेटातून गाव बाहेर आलं. हलगीवाल्यानं हलगी काखेत मारली होती. म्हादूला लांबून जीप दिसली. तो चालत आला, दार उघडून माझ्या शेजारी बसला. सुमन मागच्या सीटवर होती. तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"कवा आलतास?"

"सुरुवातीपासून हितंच हाय."

तो विचार करायला लागला. मला कळत होतं तो काय मोजतोय. "मंजी आपला गोल झाला तवाबी हुतास."

"हुतो."

"आन त्यांचा झाला तवाबी."

"तवाबी."

म्हादूनं मोजणं सोडलं. मग म्हणाला, "चुकलं बे माझं." आणि लगेच, तेवढ्यावर थांबायला लागू नये म्हणून, चिडून बोलायला लागला. डावा बॅक सारखा पुढं पळतो, सोपाननं बॉल खालून मारायला पाहिजे होता, गोलकीपरला अजून शिकवावं लागेल. बोलता बोलता म्हणाला, "पुढच्या वर्षी तू आत बसायचं. माझ्या बाजूला. पहिल्या मॅचपासून."

"आन हरलो तर?"

"हरलाव तर हरलाव. इतके वर्षं तुझ्यासंगंच हरत आलाव की."

आजार कळल्यापासून पुढच्या वर्षाचं नाव माझ्यासमोर कोणी घेतलं नव्हतं. डॉक्टर बाई 'पुढची किमो' म्हणायच्या. सुमन 'उद्या' म्हणायची. पोरीच्या लग्नाचं विचारलं की पाव्हणे 'बघू' म्हणायचे आणि विषय बदलायचे. आजारी माणसाला पुढच्या वर्षाचं आवतन कोणी देत नाही, हे मला तोवर कळलंही नव्हतं. म्हादूनं ते सहज दिलं, डाव्या बॅकला शिव्या देता देता.

मी आरशात बघितलं. सुमन खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत होती.

"बसतो," मी म्हणालो. मग पोरं येऊन जीपमध्ये बसली, सोपान पुढं, आणि मी गाडी चालू केली.